बरबटीला बरबटीच म्हणावे

मी, श्रीमती वेणूबाई रामदास लोणारे, वय एकाहत्तर, राहणार बिबवेवाडी, पुणे, मूळ गाव पवनीजवळचे, जिल्हा भंडारा, माझ्या मागे काय कोणाला जावे हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दाब दिलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब वाढल्याचेही लिहिले आहे, तो कशाने वाढला ते पुढे येईलच. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे मुलाला दिले होते. ते मी रद्द करते.

कलम १. माझे पती रामदास वारले. मला एक मुलगा, सुदर्शन, आणि एक मुलगी, आम्रपाली. सुदर्शन कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याची बायको पूर्णिमा तसल्याच कंपनीत आहे, तिचे माहेर नारायण पेठेतले. आम्रपाली दवाखान्यात नर्स आहे. तिसरे कोणी हक्क सांगायला आले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम २. बँकेतली ठेव आणि कानातले आम्रपालीला. तिने कधी मागितले नाही, म्हणून.

कलम ३. स्वयंपाकघरातली हिरवी पत्र्याची ट्रंकही आम्रपालीला. या ट्रंकेबद्दल जरा लिहावे लागेल, कारण भांडण तिच्यावरूनच आहे.

मी हडपसरला बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, हे भोसरीला कंपनीत. दोघेही सकाळी सातला घराबाहेर. दोन पोरे, एक स्टोव्ह, आणि रॉकेल मिळेल तेव्हा. मग माझ्या आईने गावाहून पोतेभर तणस पाठवले. तणस म्हणजे भाताचा पेंढा. बरबटी आदल्या दिवशी भिजत घालायची. सकाळी जर्मनच्या पातेल्यात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, कोथिंबीर देठांसकट टाकून पाव तास खळखळ उकळायची. झाकण घट्ट लावायचे, पातेले ट्रंकेतल्या तणसात पुरायचे, वरून वाकळ दाबायची आणि कामावर जायचे. संध्याकाळी येऊन उघडले की दाणा बोटाने चिरडतो. मग मीठ घालून परत एक उकळी, की कढण तयार. मीठ आधी घातले तर साल चिवट राहते, हे लक्षात ठेवावे. मधे ट्रंक उघडायची नाही. सुदर्शनने आठ वर्षांचा असताना दुपारी उघडून पाहिली होती, त्या दिवशी आम्ही चौघांनी कच्चे दाणे चावले. त्याला कोणी ओरडले नाही. आता वाटते, ओरडायला हवे होते.

या कढणावर दोन्ही पोरे शिकली. लग्नानंतर सुदर्शन आणि पूर्णिमा रात्री नऊला घरी यायचे, तेव्हाही सकाळी ट्रंक मीच भरत होते. चौदा वर्षे भरली, अजूनही भरते.

कलम ४. बरबटी म्हणजे इथे ज्याला चवळी म्हणतात ते. आमच्याकडे बरबटी म्हणतात. सुदर्शनच्या साखरपुड्याला मी हा शब्द उच्चारला, तेव्हा विहीणबाई, म्हणजे पूर्णिमाच्या आई विजयमालाबाई खांबेटे, म्हणाल्या, "बरबटी? खरकटं-बरबट असतं, त्यातलं का?" सगळे हसले. हसणाऱ्यांत माझा मुलगाही होता. विहीणबाईंचे मी समजू शकते, त्यांची जीभच तशी आहे. त्याचे हसणे मला आजपर्यंत पचलेले नाही.

गेल्या वर्षी सुदर्शन आणि पूर्णिमाने नोकरी सांभाळून कढण विकायचा धंदा काढला. मला आनंदच झाला. महिन्यापूर्वी एका प्रदर्शनात त्यांचा गाळा होता. मी न सांगता गेले आणि चष्मा लावून पाकीट वाचले. वर लिहिले होते, 'पेठेतलं कढण'. खाली, 'नारायण पेठेतील विजयमालाताई खांबेटे यांच्या माजघरातील चार पिढ्यांची चवळी. सात तास मंद आचेवर.'

मंद आच! अरे, आच असतेच कुठे त्याला? ते शिजते तेच मुळी आच बंद केल्यावर. चोरायचे तर नीट तरी चोरावे.

मी त्याला गाळ्यामागे नेऊन विचारले. तो म्हणाला की हे मार्केटिंग असते, बरबटी म्हटले तर पुण्यात कोण विकत घेणार. मी म्हटले, ठीक आहे, चवळी तर चवळी. माझे नाव का नाही?

तो पाकिटे लावत राहिला. मग म्हणाला, "आई, लोणारे म्हटलं की लोक पुढचं विचारतात."

माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मी दोन वर्षांची, त्यांच्या खांद्यावर होते. कोणी पुढचे विचारू नये म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती. विचारले तर मान वर करून सांगता यावे म्हणून घेतली होती. सुदर्शनच्या बापाने कंपनीत, चाळीत, सोसायटीत सगळीकडे सांगितले, कोणी विचारायच्या आधीच सांगितले. आणि या पठ्ठ्याला पाकिटावर आईचे नाव छापायची लाज वाटते. मी तिथून रिक्षाने घरी आले आणि त्याच्याशी त्यानंतर जेवण वाढण्यापुरतेच बोलते.

कलम ५. दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन मी नारायण पेठेत गेले, भांडायलाच. दोन जिने चढले. विजयमालाबाईंनी पाकीट दोनदा वाचले. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

"आम्ही फ्लॅटमध्ये राहतो," त्या म्हणाल्या. "माजघर जावयाने कुठून आणलं?"

मग त्यांनी मला बसायला सांगितले आणि हे नेमके शिजवतात कसे ते विचारले. मी सांगितले. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडले नाही, हे मी पहिल्यांदा पाहिले. साखरपुड्यातल्या बोलण्याबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत, मीही ते माफ केलेले नाही.

कलम ६. बिबवेवाडीचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो सुदर्शनला द्यावा, पण एका अटीवर. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाचे जेवण होईल, त्या दिवशी त्याने याच ट्रंकेत (आम्रपालीने ती तेवढ्यापुरती द्यावी), वर लिहिल्याप्रमाणे, स्वतः बरबटी शिजवावी. केटरर चालणार नाही, कुकर तर नाहीच. वाढण्यापूर्वी त्याने सगळ्यांसमोर उभे राहून मोठ्याने म्हणावे, "ही बरबटी आहे. ही माझी आई वेणूबाई लोणारे यांची आहे." कोणी पुढचे विचारले तर तेही सांगावे. त्या दिवशी हे झाले नाही, तर फ्लॅट आम्रपालीचा.

तो खरोखर म्हणाला की नुसता पुटपुटला, हे ठरवण्याचा अधिकार मी विजयमालाबाईंना देते, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. त्यांचा माझ्यावर जीव आहे म्हणून नव्हे. त्या टोचून बोलतात, पण जावयासाठीसुद्धा खोटे बोलणार नाहीत.

कलम ७. मी जिवंत असेपर्यंत हा कागद सुदर्शनला दाखवू नये. फ्लॅटसाठी म्हटलेले मला ऐकायचे नाही. कोणी न सांगता, माझ्या देखत, शेजाऱ्यापाशी जरी तो ते एकदा म्हणाला, तरी मी हा कागद स्वतः फाडीन आणि फ्लॅट बिनअटीचा देईन. रोज रात्री मी वाट पाहते. तो मोबाइल बघत जेवतो आणि कढण छान झाले म्हणतो. कोणाचे, ते म्हणत नाही. माझ्यामागे म्हणेलच, घर कोणाला नको असते? पण तेव्हा ते ऐकायला मी नसेन, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

हे मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

स्थळ: बिबवेवाडी, पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: वेणूबाई रामदास लोणारे

साक्षीदार
१. कचरू सखाराम भालेराव, शेजारी, बिबवेवाडी. (सही)
२. विजयमाला अनिरुद्ध खांबेटे, नारायण पेठ. (सही) बाईंनी हे मुलाला आजच तोंडावर सांगावे, असे मी त्यांना तीनदा म्हटले. त्या ऐकत नाहीत.