तेवढा ‘हौ’ सोडा

बालाघाट, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

पास झाली. इंग्रजी शिकवायचं सर्टिफिकेट आता माझं. खुश व्हायले पाहिजे, पण डोक्यात तो ‘हौ’च अडकून बसला.

आज ऑनलाइन परीक्षेचा शेवटचा वर्ग होता, शिकणारी व्हिएतनामची. “शी गोज टु द मार्केट,” तिनं अगदी बरोबर म्हटलं. मी खुशीत आपल्या बोलीतला ‘हो’ बोलून गेली, “हौ!” तिले ऐकू आलं इंग्रजीतलं ‘हाऊ’, म्हणजे कसं. बिचारी घाबरून म्हणाली, “बाय बस.” मग म्हणाली, “ही रीड्स अ बुक.” मी पुन्हा “हौ!” तिनं विचार करून सांगितलं, “विथ ग्लासेस, टीचर.”

परीक्षक बाई हसल्या. पास केलं, पण म्हणाल्या, तेवढा शब्द सोडा.

सोडीन. नाही तरी या घरात तो म्हणू कोणाले? आई इंदूरले दादाकडे गेली तेव्हापासून माझा दिवस हिंदीत उगवते अन् हिंदीतच मावळते. आज इतक्या दिवसांनी तोंडून ‘हौ’ निघाला, तोही परीक्षेत. काहून तिथंच?

मग आईले फोन लावला. “आई, मी पास झाली वं!”

“हाँ बेटा, बहुत अच्छा.” मागून नातवंडांचा आवाज येत होता. तिच्या बोलीले ते हसतात, हे तिनंच मागे सांगितलं होतं.

“आई, माह्यासंग तरी आपल्या बोलीत बोलशील नं?”

ती हळूच म्हणाली, “हाँ.”