दसऱ्याचं तेल

३ फेब्रुवारी १९८०
...सडा टाकला, चूल पेटवली, ह्यांच्या अंघोळीचं पाणी ठेवलं आणि झेंडू ओवायला बसले. गेल्या दसऱ्याची ती सकाळ. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक यंत्राला आधी तेल, मग हळदकुंकू. लग्न होऊन सिहोऱ्याला आले तेव्हापासून ते काम माझं. गिरणीतला धान भरडायचा हलर, विहिरीवरचं इंजिन, शिलाई मशीन. शेवटी गाडी. देवाजी ड्रायव्हर नव्हता, तो दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. मीच गाडी धुतली, बॉनेट उघडलं, छोट्या टाकीत तेल खाली गेलेलं दिसलं, ते भरलं. हार घातला. हे ओट्यावर पेपर वाचत होते.
आज शेडमध्ये गाडीवरची धूळ पुसताना हे सगळं आठवलं. हे गेले त्या दिवसापासून ती उभीच आहे. आता लेक मंदा पहिल्या बाळंतपणाला येणार, दवाखाना तुमसरला. भाऊजींनी मिस्त्रीला निरोप धाडला आहे.

५ फेब्रुवारी
तुमसरहून कय्यूम मिस्त्री आले. भाऊजींनी (माझे धाकटे दीर, गिरणी आता तेच पाहतात) त्यांना सगळं सांगितलं. मार्गशीर्षातली दुपार. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, देवाजीनं गाडी काढली. गाडी वेगच घेईना. चाकांतून धूर. रस्त्यात दोनदा थांबावं लागलं. तुमसरला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी ह्यांचा हात फक्त धरला आणि खाली ठेवला.
भाऊजी म्हणाले, "घाबरला होता तो. ब्रेकवर पाय ठेवून चालवून राहिला होता. तेरवी झाली अन् काढला त्याले."
गावातही हेच बोललं जातं. मीही कधी वेगळं बोलले नाही.
मिस्त्रींनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबून पाहिला, मग जॅक लावून पुढचं चाक उचललं. दोन्ही हातांनी फिरवलं, हलेना. खाली बसून म्हणाले, "भाऊ, आता तं गाडीत कोणीच नाही. मंग हा पाय कोणाचा हाय?"
भाऊजी चहाचं पाहतो म्हणून आत गेले.

६ फेब्रुवारी
चाकामागचा एक छोटा पेच मिस्त्रींनी सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. एका बोटानं फिरायला लागलं. म्हणाले, चाकात दोष नाही भाभी. ब्रेक सोडला की दाबलेलं तेल मागे जायला पाहिजे, ते जात नाही. वाट बंद आहे.
मग वरचा सिलिंडर खोलला. आतली रबरं फुगलेली, भिजल्या वालासारखी. मिस्त्रींनी बोटावर तेल घेऊन वास घेतला. "हे ब्रेकचं तेल नाही. मशीनचं हाय. यानं रबर फुगते. कोणं टाकलं?"
"कोण टाकन? तोच," भाऊजी म्हणाले.
मी तिथंच उभी होते, कपबशा गोळा करत. वास मलाही आला होता.
कपबशा उचलल्या. आत आले.

८ फेब्रुवारी
हलरच्या तेलाचा डबा उघडून पाहिला. तोच वास. पाहायची गरज नव्हती.
दसऱ्याला मी भरली त्या छोट्या टाकीच्या झाकणावर इंग्रजी अक्षरं आहेत. वाचायला मी माझी मी शिकले, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, पण मराठीच. ती अक्षरं मला लागत नाहीत. ही सबब नव्हे. हे ओट्यावर बसले होते. एक हाक मारली असती तर
जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी
मिस्त्रींनी सगळी रबरं बदलली. नळ्या स्पिरिटनं धुतल्या, ब्रेकचे पट्टे पॉलिशपेपरनं घासले, नवं तेल भरलं. मला बसवून बपेऱ्याच्या रस्त्यानं चार मैल नेलं, गाडी थांबवली. "हात लावा भाभी." चाकाला हात लावला. कोमट.
त्या दिवशी देवाजी उतरून नहराचं पाणी आणून चाकांवर ओतत होता. वाफ निघत होती. मांडीवर ह्यांचं डोकं. मी त्याच्यावर ओरडले होते, काहून थांबला म्हणून.
मिस्त्रींना विचारलं, ब्रेक चांगले असते तर हे वाचले असते का?
त्यांनी चिंधीला हात पुसले. "ते वरच्याले माहीत. मी एवढंच सांगतो, ड्रायव्हरचा पाय नव्हता."

१२ फेब्रुवारी
एसटीनं बपेऱ्याला, देवाजीच्या घरी गेले. देवाजी दारात बायकोबरोबर विड्या वळत बसला होता. हात अजून सरावलेले नाहीत, विडी सैल होते. बायकोनं चटई टाकली, पाणी दिलं.
त्याला वाटलं गाडीसाठी बोलवायला आले. मी येत नाही म्हणाला, कोणी दुसरी गाडीही देत नाही चालवायला. मालकाला मारणारा ड्रायव्हर म्हणतात.
मी म्हटलं, त्यासाठी नाही आले. आणि सांगितलं. दसऱ्याचं, तेलाचं, सहा तारखेला गप्प राहिले त्याचंही.
बायकोचे हात थांबले. तो पानावर तंबाखू पसरत राहिला. दोरा बांधून झाल्यावर बोलला.
"मले सांगून काय होते बाई? माह्या पाय नव्हता हे मले माहीतच होतं. जिथं माह्यं नाव निघालं तिथं सांगा."
"कुठं?"
"गिरणीत. लोक धान घेऊन बसले राह्यते तेव्हा."
निघताना त्यानं विचारलं, चाकं थंड राहतात का आता. राहतात म्हटलं. पुन्हा गाडीवर येशील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१३ फेब्रुवारी
सकाळी सडा टाकला, चूल पेटवली. मग गिरणीत गेले. सात-आठ माणसं पोत्यांवर बसली होती. भाऊजींना हलर बंद करायला लावला. सगळ्यांसमोर सांगितलं की दसऱ्याला ब्रेकच्या टाकीत हे तेल मी टाकलं, देवाजी त्या दिवशी गावात नव्हता. चाकं त्या तेलानं धरली होती, देवाजीच्या पायानं नाही. एवढं सांगून घरी आले.