तीन मिनिटं कमी पडलेलं दार

सोमवार संध्याकाळ, द्वारका

दुपारी आमच्या मजल्यावर विजेच्या शाफ्टला आग लागली. आई घरी एकटी होती. मी आमच्या फायर टेस्टिंग लॅबमधून पोचलो तेव्हा ती खाली बाकावर बसली होती, शेजारणीला पाणी देत. कॉरिडॉर काळाठिक्कर झालाय, पण जिन्यात धूर शिरला नाही. मधलं, आग अडवणारं लाकडी फायर डोअर टिकलं.

ते बनवणाऱ्या कंपनीचं पहिलं दार लॅबमध्ये मीच तपासलं होतं. भट्टीसमोर तासभर टिकायला हवं होतं, तीन मिनिटं आधीच कडेतून ज्वाळा बाहेर आली. मी तेव्हा नोकरीत नवा. कंपनीचा मालक म्हणाला, "तीन मिनट में क्या होता है, यार?" मला पटलंही. पासच्या रिपोर्टवर सही करणारच होतो. माझ्या सीनियर साठेमॅडमनी कागद ओढून घेतला. "तीन मिनिटांत एक म्हातारं माणूस जिना गाठतं," एवढंच म्हणाल्या. कंपनीने कडेच्या पट्ट्या बदलून दार पुन्हा आणलं, तेव्हा पास झालं. आमच्याकडे त्याच बनावटीचं बसवलंय. मी सही केली असती तर?

मॅडम आता रिटायर झाल्यात. फोन करून सगळं सांगितलं, आभार मानले. त्यांनी विचारलं, "दार बंद होतं ना? लोक झाडाची कुंडी अडकवून उघडं ठेवतात."

फोन चालू ठेवून आईला विचारलं. "समोरचे ठेवतात ना. मी रोज सरकवते ती कुंडी. तूच सांगितलं होतंस."

मॅडम हसल्या. "मग माझे कसले आभार? आईंना चहा करून दे."

दिला. साखर फार पडली होती. आईने सगळा प्यायला.