हात न लावणारी नात

तीर्थरूप दाजींच्या चरणी,

काउंटरमागच्या स्टुलावरून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (जास्त वाकता येत नाही, मांडीवर नात आहे.) ताईचे गुडघे कसे आहेत? आणि तुमचा घसा कसा आहे? हे मी अगदी मनापासून विचारतोय. भाजीबाजारात एवढी वर्षं लिलाव पुकारूनही तो बसला कसा नाही, याचं तुमच्या सासरच्या मंडळींना नेहमीच नवल वाटत आलं आहे. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असं समजा. खरं म्हणजे मी पार वैतागलो आहे आणि हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरा माणूस नाही. (शेजारच्या टेलरमास्तरांनी बोलणं सोडलं आहे. का, ते पुढे येईलच.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मुलगा आणि सूनबाई सकाळी कामाला गेले की नात माझ्याकडे दुकानात असते. घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानात दहा महिन्यांचं मूल सांभाळायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. टेबलावर कणीएवढे स्क्रू, केसाएवढ्या स्प्रिंगा, पंखा लावायची सोय नाही, शिंकायची तर त्याहून नाही, आणि भिंतीवर माझ्याच हातची पाटी: 'कृपया हात लावू नये'. पण दाजी, आमच्या पोरीनं ती पाटी जणू वाचली होती. जिथे बसवावी तिथे बसायची. रडणं नाही, मागणं नाही, कशाला हात लावणं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, काय गुणी बाळ आहे हो! मी कॉलर ताठ करून सांगायचो, घड्याळजीची नात आहे, तिला जन्मतःच शिस्त आहे. गल्लीनं तिचं नाव बाहुली पाडलं आणि मी ते मिरवलं.

मग सूनबाई तिला लस टोचायला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला पाठवलं, आणि दुसऱ्या खेपेला मला आणि आमच्या हिलाही बोलावून घेतलं. पोरीच्या रक्तात लोह कमी आहे, अ‍ॅनिमिया आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, पण कसली शांत आहे बघा. त्यावर त्या म्हणाल्या, "आजोबा, ती शांत नाही, ती दमलेली आहे." आमची ही उसळून म्हणाली, दमेल कशी, बाटल्यांवर बाटल्या दूध रिचवते! त्याचंच तर सगळं होतं. दुधानं पोट भरायचं, मग बाकीचं काही घशाखाली उतरायचं नाही, आणि नुसत्या दुधात लोह ते किती असणार! (आमच्या हिला तेव्हापासून दुधाच्या पातेल्याचंही तोंड बघवत नाही.) औषधाचे थेंब दिले, पण म्हणाल्या की थेंब रक्ताचं काम करतील, डोक्याचं काम तुम्ही करायचं. या वयात मूल ओढून, फेकून, तोंडात घालूनच शिकतं, आणि हिला तेवढी ताकदच नसल्यानं तिचं सगळं राहून जातंय. रोज खेळवा, बोला, आता लागा कामाला, कारण हा काळ हातचा गेला तर मागाहून भरून काढणं फार अवघड.

थेंबांची कथा वेगळीच. चवीला खिळा चाटल्यासारखे. (मी चाखून बघितले.) पोरीनं ते माझ्या तीन सदऱ्यांवर थुंकले, डाग निघत नाहीत. मग हिनं गुपचूप दुधात कालवून दिले, आणि दुधातून दिलं की लोह नीट अंगी लागत नाही हे कळल्यावर आमच्या घरात जे महाभारत झालं ते ताईला सांगू नका. पुढे एके सकाळी लंगोट उघडला तर आत डांबर. काळंकुट्ट! हिनं हंबरडा फोडला. मी धीराचा माणूस, नमुना घेतला, घड्याळाच्या एका स्वच्छ डबीत बंद केला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंसमोर डबी उघडली तर आत टेलरमास्तरांचं मनगटी घड्याळ, तेलपाणी केलेलं, चकचकीत. तोवर टेलरमास्तर माझ्या हिच्याकडून आपली डबी घेऊन, मापं द्यायला आलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर उघडूनही बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोहाच्या औषधानं असं काळं होतंच, मागेच सांगितलं होतं ना? सांगितलं असेल. माझं त्या वेळी कुठे लक्ष होतं!

आता मुख्य जाच. दर आठवड्याला दवाखान्यातून एक बाई दुकानात येतात, आम्ही त्यांना खेळबाई म्हणतो. पिशवीतून ठोकळे, झाकणं, खुळखुळे काढतात, वस्तू पोरीच्या हातापासून जराशी लांब ठेवतात आणि आम्हाला दटावतात, की द्यायची नाही, तिला घेऊ द्या. (स्वतः मात्र आल्या आल्या माझ्या स्टुलावर बसतात आणि मला उभं ठेवतात.) पहिल्या दिवशी त्यांनी माझी पाटी खाली उतरवली आणि पोरीपुढे ठेवून वर चमच्यानं बडवून दाखवली. वर हुकूम, की दिवसभर तिच्याशी बोलत राहा, हात करतोय ते तोंडानं सांगा. दाजी, मी कशाचा बोलतोय! घड्याळजीला आयुष्यात एकच वाक्य लागतं: 'शनिवारी या.' पहिल्याच सकाळी मी बाळे, हा स्क्रू, हा चिमटा, ही पातळ स्प्रिंग, इथवर आलो आणि माझे शब्द संपले. नंतर मी तिला दोनदा शनिवारी या असं सांगितलं.

एकदा तर डोळ्याला भिंग लावलेलं विसरून मी वाकून भॉऽक केलं. कुठलंही मूल किंचाळलं असतं. ही नुसती बघत राहिली. मग मला काय सुचलं कोण जाणे, दुकानातली होती नव्हती ती गजराची सगळी घड्याळं एकदम वाजवली. रस्त्यावरची माणसं आग लागली म्हणून धावली. पोरीनं सावकाश मान वळवली, घड्याळांकडे बघितलं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटले. तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने मी ज्याचं कौतुक करत होतो ते हेच होतं. आता कोणी गुणी बाळ म्हटलं की त्याचं घड्याळ न बघताच परत करावंसं वाटतं.

थेंब मात्र न चुकता चालू आहेत, डाळ-भाजी घोटून भरवतो, गालांवर जरासा रंग आला आहे असं ही म्हणते. मला दिसत नाही, पण मी वाद घालत नाही. बाकी विशेष काही नाही. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. : तर मुद्द्याचं. चहाचा कप उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंत त्याचं वर्णन करत बसणारा माणूस आमच्या माहितीत एकच आहे, आणि आजवर त्याला कुणी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही. खेळबाईंना असाच माणूस हवा आहे. ताईला घेऊन महिनाभर राहायला या आणि पोरीपुढे बसून बोला. वांगी पुकारा, कांदे पुकारा, काय हवं ते पुकारा, कुणी चकार शब्द काढणार नाही. पोरीसाठी हात जोडून विनवतो. कुठल्या गाडीनं निघायचं ते कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं आहे.

आणखी एक ता. क. : वरचा कोपरा जागेवर नाही. मी पाकीट शोधायला वळलो तर मांडीवरून हात आला, कागद धरला आणि टर्रकन फाडला. मी सोडवायला गेलो, तर असं भोकाड पसरलं की अबोला विसरून टेलरमास्तर पळत आले. मी म्हटलं, काही नाही हो, नातीला माझं पत्र हवं आहे! तुकडा तिच्या मुठीत आहे आणि तो काढून घ्यायची माझी छाती नाही. मिळेल ती गाडी पकडा.