पाण्याकडे पाठ

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. बेटावरून काकांचं कार्ड आलं की मीच मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि तुम्ही हातातला लाकूड तासायचा वाकस न थांबवता ऐकायचात. म्हणजे हे पत्रही मलाच वाचावं लागणार. फक्त मधेच तुमचं ‘बस, कळलं’ येणार नाही. तेच बरं आहे. तुमच्यासमोर माझं एकही वाक्य कधी पुरं झालं नाही.

हल्ली मी भवानीनगरला मुलाकडे असतो. मुलगा कारखान्यावर आहे, सून शाळेत शिकवते, नात पाचवीत आहे. सुट्टी लागल्यावर सुनेनं नातीचं नाव बारामतीच्या पोहण्याच्या तलावावर घालायचं काढलं. जेवता जेवता मी हातातला घास ताटात ठेवला. म्हणालो, आपल्या घरात पोहायला शिकत नाहीत. सुनेनं कारण विचारलं. मी तोंड उघडलं आणि तुमचाच आवाज बाहेर पडला, की पोहता आलं की माणूस होडी सोडतो. सून आमटी वाढता वाढता म्हणाली, “आबा, आपल्याकडं होडी कुठं हाय?” मुलगा खाली मान घालून हसला. मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नाव घातलंसुद्धा.

होडी सोडायची नाही, हे तुमचं एकच शिक्षण. बेटावर मचवा बांधणारेही तुम्ही आणि शीड लावून तो आखातापर्यंत नेणारेही तुम्ही. जाताना कौलं, येताना खजूर. आई सांगायची, की मचवा दिसला की सगळं बेट धक्क्यावर यायचं आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी उतरायचात, आधी लाकडावरून हात फिरवून. मला त्यातला एक खजूर आठवतो. तुम्ही तो माझ्या तोंडात घातला होतात आणि तुमच्या बोटांना माशाच्या तेलाचा वास होता. पुढं इंजिनाच्या बोटी आल्या, शिडाचे मचवे कुणाला नकोसे झाले. कुणीतरी सांगितलं, की तिकडं घाटावर भीमेला धरण झालंय, फुगवट्यात मासेमारी सुरू झालीय, होड्या लागतील. तुम्ही आईला विचारलं नाहीत. मी सहावीत होतो. हत्यारांची पेटी एसटीच्या टपावर चढली आणि माझी शाळा बेटावर राहिली ती कायमची.

इंदापूरच्या बाजूला पाण्याकाठचं आपलं पत्र्याचं खोपट अजून डोळ्यांसमोर आहे. चूल एकच. तिच्यावर आधी तुमची राळ वितळते, मग आईचा भात शिजतो. भाताला राळेचा वास येतो म्हणून आई कुरकुरते, आणि तुम्ही फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत म्हणता, की त्या वासावर तुझं पोट भरतंय. हे तुम्ही रोज म्हणायचात. तिला रोज लागायचं.

तिथली शेतकऱ्यांची पोरं विहिरीत पोहायची. पाठीला वाळक्या पांगिऱ्याचा हलका ओंडका बांधायचा, म्हणजे माणूस बुडत नाही, आणि वरून ढकलून द्यायचं. त्यांनी मलाही बांधला. मी पायऱ्यांवर होतो, पाणी गुडघ्याला लागलं होतं, तेवढ्यात तुम्ही आलात. केसाला धरून वर ओढलंत. पोरं खालून ओरडली, “समुद्रावरची माणसं, आन् पवायला येत न्हाय व्हय?” तुम्ही पांगिऱ्याची दोरी वाकसानं तोडलीत. “तुम्ही विहिरीत गोल फिरा. आम्हाला लांब जायचं असतं,” म्हणालात. लांब कुठं, बाबा? धरणाचा पलीकडचा काठ तर दिसत होता.

आईनं नंतर मला समजावलं. बेटावर समुद्रावर जाणाऱ्या कुणालाच पोहता येत नव्हतं. भर समुद्रात पोहून जायचं कुठं, नुसतं मरण लांबतं. म्हणून होडी धरून राहायचं. पण हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला फक्त केस धरलेले आठवतात.

आणि तळाचं. इथल्या होड्या सपाट तळाच्या, आणि तुमच्या मात्र समुद्राच्या, खाली खोल कणा असलेल्या. पाण्याखाली आख्खं गाव होतं. ज्याचं घर तिथं बुडालं होतं तो म्हातारा शेतकरी काठावर बसून सांगायचा, “माझ्या घराची भिंत हाय तितं, राव. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लागती. तळ सपाट ठिवा.” तुम्ही मला म्हणालात, भिंतीत राहणाऱ्याला भिंतच दिसणार.

तो उन्हाळाच होता. नवी होडी पाण्यात ढकलली. माझं नुकतंच लग्न झालं होतं, अंगात जोर होता. मी एक पाय होडीत टाकला तर तुम्ही वल्ह्यानं मला मागं सारलंत. “पहिला फेरा बांधणाऱ्याचा. एकट्याचा. उतर.” माझ्याशी तुम्ही बोललात ते हे शेवटचं. होडी झपाट्यानं गेली आणि मधेच जागच्या जागी थांबली. कलली. तुम्ही उभे राहून वल्हं खाली रोवलंत, जोर लावलात, आणि पडलात. होडी उलटली नाही. ती सरळ होऊन बाजूला सरकली. तुमचा हात तिच्या काठाकडे येत होता आणि पोचत नव्हता. तुम्ही हाक मारली नाहीत. मी छातीपर्यंत पाण्यात गेलो आणि तिथं माझे पाय थांबले. तो म्हातारा कांद्याच्या रानातून पळत आला, धोतरासकट उडी मारली, आणि तुम्हाला ओढून आणलं. उशीर झाला होता. धोतर पिळता पिळता तो मला म्हणाला, “एवढा दांडगा गडी तू, आन् हुबाच राहिलास व्हय रं?”

त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते इंदापूरच्या बाजारापर्यंत गेलं. तिथं मला कितीतरी वर्षं ‘काठावरचा’ म्हणत. चहा मागितला की कुणीतरी विचारायचं, हितं देऊ का काठावर? मी काय सांगणार होतो? की बापानंच पाठीवरचा पांगिरा तोडला? मेलेल्या माणसाची चहाडी केल्यासारखं होतं ते. तुम्ही सुटलात. उत्तर द्यायला मी राहिलो, आणि तेही कधी दिलं नाही.

आता रविवारी नातीला बारामतीला मीच नेतो. मुलाची कारखान्यात पाळी असते, सुनेला पेपर तपासायचे असतात. एसटीत मी तिला सांगत असतो, कान पुसत जा, दमलीस तर कडेला ये, शिकवणारा मोबाइलमध्ये बघत असला तर उतरू नको. ती म्हणते, “आबा, किती वेळा सांगता.” तलावाला सिमेंटचा बाक आहे. परवा ती निथळत आली, दात वाजत होते. “आबा, आज मी खोलात गेले, तळाला हात लावून आले. बघितलं ना?” मी म्हणालो, बघितलं की.

बाबा, मी बघितलं नव्हतं. बाकावर मी पाण्याकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. मागं नुसते आवाज ऐकतो आणि त्यात तिचा कुठला ते शोधतो. अजून एकदाही मी तिला पोहताना पाहिलेलं नाही. तुम्हाला तेवढं पाहिलं, अगदी शेवटपर्यंत.