अप्पांच्या नोंदी

सांगली, २१ नोव्हेंबर १९९९

निमिष,

बंगळूरची हवा मानवली असेल. इथलं चाललंय. तुझ्या आईचं, उमाकाकूंचं, मिरजेला डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण दृष्टी काही परतली नाही. तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हीत तू एकच मागतोस, तुझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, नोंदींची फ्लॉपी.

आधी त्या नोंदींच्या मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, सांगतो. लिनक्सच्या सीडीवरचे प्रोग्राम उलगडून मशीनच्या आत एक वेगळी खोली उभी करणारी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या आज्ञांची फाइल, मी लिहिली. खोलीतल्या प्रोग्रामला बाहेरचं काही दिसत नाही. आत काहीही बिघडवा, बाहेर ओरखडा नाही. बिघडलं की स्क्रिप्ट जुनी खोली पुसते आणि नवी बांधते. चाळीसेक वेळा केलं असेल. आपल्यासारखा शहाणा जिल्ह्यात नाही, असं वाटायला लागलं होतं.

अप्पांनी कोयनानगरच्या वसाहतीत पंचवीस वर्षं टिपलेल्या भूकंपाच्या धक्क्यांचा आलेख मला त्या खोलीत काढायचा होता. प्रोग्रामला नोंदी दिसाव्यात म्हणून त्या जिथे होत्या तो डिस्कचा अख्खा भागच आत जोडला. नक्कल नाही, खरा भाग. आलेख फसला, आणि तो भाग पुन्हा वेगळा न करताच मी सवयीनं स्क्रिप्ट चालवली. तिनं आत होतं ते सगळं पुसलं, अप्पांच्या नोंदींसकट.

तीन आठवडे झगडलो. एक ओळ परत आली नाही. फ्लॉपी केलेलीच नाही, निमिष. काकू दोनदा म्हणाल्या होत्या, नक्कल ठेव रे. मी हसण्यावारी नेलं.

आणि अप्पांच्या हस्ताक्षरातल्या मूळ वह्या. अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर काकू म्हणाल्या, वाळवी लागलीय, काय करू? मीच म्हणालो, डोळे होते तोवर तुम्ही दोन वर्षं बसून सगळं टाईप केलंयत, आता सोडा कृष्णेत. दोघांनी मिळून सोडल्या.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. काल म्हणाल्या, "निमिष पाच वर्षांचा होता, तेव्हाचं काहीतरी वाच." मी रिकाम्या पडद्याकडे बघून रचलं. पहाटे चार वीस, मांडणीवरची भांडी पडली, पोराला घेऊन अंगणात आलो.  काकू म्हणाल्या, "मला कसं आठवत नाही रे? माझंच डोकं गेलं बघ आता."

मी मशीन बंद केलं.

आज पुन्हा वाचायला बोलावलंय. तू येऊन सांग त्यांना, माझ्या तोंडून निघत नाही. मला जे बोल लावायचे ते पत्रातून लाव, त्यांच्यासमोर नको.

ज्याला तू आजवर मित्र म्हणालास, तो
शौनक