हुंगून दिलेला मासा

गुरुवार, नारळी पुनवेनंतरचा, १९८९

मी सांगतेय, नात लिहितेय. पोरी, अक्षर तुझं, शिव्या माझ्या.

आज माशांची पाटी घेऊन शेलार गावात गेले, तर जुनी गिऱ्हाईक सुमन कालवणाचं पातेलंच घेऊन दारात उभी. "मावशे, काल दिलेला मासा शिजवला नि घरभर रॉकेलचा वास. पोरांनी ताटं सारली."

मी म्हटलं, "बाय, तेलाचा खर्च वाचला की!"

ती हसली न्हाय. मी एकटीच हसले.

खरं तर काल कल्ला उघडून हुंगला, तेव्हाच वास आला होता. रंगाच्या कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, त्याचा. मग विकला कशाला? लेक पहाटे कमरेएवढ्या चिखलातून चारच मासे घेऊन आला होता. त्याच्यासमोर फेकवेनात. जन्मभर हुंगल्याशिवाय मासा दिला न्हाय, आणि काल हुंगून, वास येत असताना दिला.

संध्याकाळी लेकाला म्हटलं, "जाळं ठेव बाबा. कापडाच्या लूमवर ड्युटी बघ."

तो म्हणाला, "आये, कवाच बघून ठेवलीय. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

बरंच झालं म्हणायचं. पण एकदा तरी 'नको' म्हणायचं होतंस रे.